ब्लीचची मोहीम आणि रिमोटाचा तह

पुढल्या पिढीने साबणास तुच्छ लेखू नये, याकरिता घरात पोटाचा गनीम शिरला तो कैसा शिरला आणि कैसा हटला, हे वर्तमान जैसे घडले तैसे लिहिले आहे. ते ऐसे जे,

धाकटी लेक शाळेतून आली ती पांढरीफटक पडून आली, आणि दप्तर उतरते न उतरते तों दिवाणखान्यात भडाभडा ओकली. याच गनिमाने शाळेत अर्धा वर्ग पाडिला होता. घरात लेकीचे आजोबा हृदयाची शस्त्रक्रिया होऊन नुकतेच इस्पितळातून आलेले, अंगी त्राण नाही. डॉक्टरांची ताकीद होती की यांस जुलाब लागले तर जिवावर बेतेल. सबब लेकीच्या मातोश्री, घरच्या सूनबाईसाहेब, यांचे काळजात धस्स जाहाले.

मग यजमान, म्हणजे लेकीचे तीर्थरूप, मोठ्या आवेशाने सरसावले, आणि कोरड्या फडक्याने ओकारी पुसली, आणि हातांवर सॅनिटायझरचे थेंब चोळून "झालं! एवढं काय त्यात?" ऐसे बोलून त्याच हातांनी दिवा लाविला, फ्रिज उघडिला, नळ फिरविला आणि वडिलांचा रिमोट उचलून टेबलावर ठेविला. सॅनिटायझर हा सरदार वासाने खानदानी, परंतु या गनिमापुढे त्याची मात्रा चालत नाही. तेथे साबण आणि वाहते पाणी हेच खरे शिलेदार. ऐसे यजमानांनी गनिमास घरभर वाटा दाखविल्या, आणि दुसरे दिवशी खासे स्वतःच धारातीर्थी पडले, ते संडासातून बाहेर येईनात.

मग सूनबाईसाहेबांनी कंबर कसली. हुकूम सुटले की, आजाऱ्यांनी स्वयंपाकघराची शीव ओलांडू नये. झाकण पाडल्याविना फ्लश करू नये. आजोबांचे खोलीत हात धुतल्यावाचून चिटपाखरू जाऊ नये. मग हातमोजे चढविले, खिडक्या उघडिल्या, बादलीत पाणी घेऊन ब्लीच कालविले. तों सासूबाई संडास धुण्याचे ॲसिड घेऊन कुमकेस आल्या.

"हेही ओत त्यात, दुप्पट जोर येईल."

"नको आई! दोन्ही एकत्र झालं की विषारी धूर होतो. व्हायरस राहील बाजूला, आपणच जाऊ."

सासूबाईंनी आजवर सुनेचे एक ऐकिले नव्हते. परंतु त्या दिवशी बाटली मुकाट खाली ठेविली, बाह्या सारिल्या आणि म्हणाल्या, "बरं, मग मी काय पुसू?"

मग दोघींनी आधी साबणाने मळ काढिला, आणि मग ब्लीचचे फडके दाराच्या मुठींवर, नळांवर, दिव्याच्या बटणांवर, फ्रिजच्या दांड्यावर फिरविले, आणि लगेच न पुसता दहा मिनिटे ओले राखिले. सासूबाईंचा हात चारदा कोरड्या फडक्याकडे गेला, आणि चारही वेळा सुनेने डोळे वटारिले. लेकीची चादर कढत पाण्यात गेली.

इतक्यात पाहतात तों आजोबा मॅचच्या ओढीने खोलीतून आलेले, एके हाती बिस्कीट, आणि दुसरा हात टेबलावरच्या रिमोटाकडे.

"बाबा! हात लावू नका!"

सुनेचा ऐसा चढा स्वर त्या घराने ऐकिला नव्हता. आजोबा खवळले. "माझ्याच घरात मला रिमोटाची चोरी?"

"हो, चोरी!" सासूबाई मधे पडल्या. "ती सांगते तसं करायचं. इस्पितळाच्या बाकड्यावर बसून माझी पाठ गेली. पुन्हा नाही बसायची मी तिथं."

मग आजोबांनी बिस्कीट खाली ठेविले, आणि साबणाने बोटांच्या बेचक्यांपर्यंत हात धुतले. सूनबाईसाहेबांनी घट्ट पिळल्या फडक्याने रिमोट पुसून, वाळवून हाती दिला, तोवर मॅच हरून जाहाली होती.

पुढे लेक बरी जाहाली, यजमानही सावरले, आणि आजोबांचे पोटास गनिमाची झळ म्हणून लागली नाही. यजमानांनी बहिणीस फोनवर कळविले, "काही विशेष नाही गं, आम्ही जरा पुसपास केली." तो "आम्ही" सासू-सून उभयतांनी ऐकिला. एकमेकींकडे पाहिले. आणि तेच घटकेस संडास-न्हाणीघराचा मुलूख, ब्रश व बादली यांसह, यजमानांस तहहयात इनाम दिला. यजमानांनी अर्जी केली. ती सासूबाईंनी फेटाळिली.

ऐसी फत्ते जाहाली, ती येथे नोंदिली. यजमान सांप्रत मुलखाचे बंदोबस्तात आहेत. हाक मारिल्यास आतून ओ देतात.