झाकणभर नीळ

सकाळचे ऊन न्हाणीघराच्या खिडकीतून हलकेच आत आले, बादलीच्या काठावर जरासे रेंगाळले, मग पाण्यात उतरून छतावर सोनेरी थरथर काढीत बसले. ते पाहत ग्रंथपाल कितीतरी वेळ नुसता उभा होता. संध्याकाळी वाचक मंडळात त्याचे भाषण होते. आजवर घरीदारी त्याचे बोलणे कुणी पुरते ऐकून घेतले नव्हते. आज माणसे मुद्दाम त्याला ऐकायला येणार होती. विषय त्याचा लाडका: हवेतला कार्बन डायऑक्साइड पृथ्वीला तापवतो, ही निव्वळ भाकडकथा.

त्यासाठी एकुलता एक पांढरा सदरा नीळ घालून उजळायचा होता.

"चार थेंब पुरेत रे," ताई स्वयंपाकघरातून म्हणाली.

बादलीभर पाण्यात चार थेंब? त्याला हसू आले. त्याने झाकणभर ओतली आणि मनाशी हिशेब मांडला: दहा हजार भागांत चार. त्या बिचाऱ्या वायूचे हवेतले प्रमाणही साधारण एवढेच, आणि एवढ्याशा चिमटीने काय होते, हाच तर भाषणाचा पहिला मुद्दा होता.

सदरा निघाला तो निळाशार.

ताईने सदऱ्याकडे पाहिले, भावाकडे पाहिले. "पहिला मुद्दा गाळ बरं," एवढे म्हणेपर्यंत तिला हसता हसता भिंत धरावी लागली. तोडही तिनेच काढली. वरून जाड लोकरी कोट चढवायचा, गळ्यापर्यंत गुंड्या लावायच्या, की झाले.

सभागृहात दिवसभराचा उकाडा साचला होता. त्याने थेट दुसऱ्या मुद्द्याला हात घातला. वरची हवा जमिनीहून थंड. मग थंड वस्तू उबदार वस्तूला आणखी गरम कशी करणार? लोक कान देऊन ऐकत होते. त्याच्या कपाळावरून मात्र धारा लागल्या होत्या.

अध्यक्षीणबाई निवृत्त परिचारिका. त्यांना राहवेना. "बाळा, आधी तो कोट काढ बघू. उकडतंय ना तुला?"

"छे, मुळीच नाही," तो म्हणाला. "कोट खुंटीवर गारच होता की. माझ्या अंगाहून थंड कोट मला गरम कसा करेल?"

मागच्या रांगेतून ताईचे हसू फुटले आणि त्यापाठोपाठ अख्ख्या सभागृहाचे. धरणीने पोटात घ्यावे, असे त्याला वाटले. पण कुणी उठून जाईना. डोळे पुसत सगळे त्याच्या पुढच्या वाक्यासाठी थांबले होते. असे त्याच्यासाठी कधी कुणी थांबले नव्हते.

त्याने एकेक गुंडी सोडली, कोट खुर्चीवर टाकला आणि निळ्या सदऱ्यानिशी ताठ उभा राहिला.

"कोटामुळेच उकडत होतं," तो म्हणाला.