अठ्ठावन्नची अट

संगणकाला माणूस घाबरतो तो निव्वळ अज्ञानापोटी, असं माझं ठाम मत होतं. ‘होतं’ म्हणतोय, हे लक्षात घ्या. पाच दिवसांची शिकवणी करून मी मॅक्रो लिहायला लागलो होतो. मॅक्रो म्हणजे तक्त्याला एकदा काम समजावून द्यायचं, पुढे तो आपलं आपण करतो. घरात हे मला कुणाच्याच बाबतीत जमलेलं नाही, पोरांच्या तर नाहीच.

ऑफिसात अठ्ठावन्न पूर्ण झालेल्यांना निवृत्तीची पत्रं द्यायची होती. साहेब म्हणाले, "दुपारपर्यंत पत्रं छापा. मग तुमच्या बदलीच्या कागदावर सही करतो."

तीन वर्षं मी या गावात एका खोलीत राहत होतो. बायको-मुलं तिकडे, मी इकडे. धाकटी तर फोनवर मला ‘काका’ म्हणायला लागली होती. हे ऐकून जीव तुटायचा हो! त्या सहीसाठी मी काहीही छापलं असतं.

अट सोपी होती: वय अठ्ठावन्न किंवा जास्त असेल, तर पत्र छाप. बटण दाबलं. पडद्यावर चौकट आली: ‘टाइप मिसमॅच’, म्हणजे आकडा हवा तिथे शब्द आलेत.

पहिल्याच ओळीत! ती ओळ साहेबांची. तक्ता मी सगळ्यांकडे फिरवला होता, ज्याचं वय त्यानं भरावं म्हणून. साहेबांनी वयाच्या रकान्यात लिहिलं होतं, "बघून सांगतो." खाली पाहिलं, तर ड्रायव्हरनं "पन्नाशीच्या आतबाहेर" लिहिलेलं आणि टेलिफोनवाल्या बाईंनी "कशाला?"

आता ‘कशाला’ हे अठ्ठावन्नपेक्षा मोठं की लहान, हे त्या यंत्रानं तरी कसं ठरवायचं? पण एकेकाला गाठून वय विचारायला वेळ कुठे होता! शिकवणीच्या वहीत एक ओळ सापडली. तिचा अर्थ: चूक आली तरी थांबू नकोस, पुढच्या ओळीवर जा. ती मॅक्रोच्या सुरुवातीला चिकटवली. प्रिंटर खडखडायला लागला. तीन पत्रं अपेक्षित होती, थांबला तेव्हा गठ्ठा चांगलाच जाड दिसला. मी म्हटलं, कागद फुगीर असेल.

गठ्ठ्याच्या तळाशी बदलीचा कागद सरकवला आणि साहेबांपुढे ठेवला. साहेब सही करताना कागद वाचत नाहीत, फक्त जागा बघतात. त्यांनी फोनवर बोलता बोलता सगळं उरकलं. मी पत्रं मुख्य कार्यालयाकडे रवाना केली आणि बायकोला कळवलं, "रविवारी येतोय. कायमचा."

दुसऱ्या दिवशी मुख्य कार्यालयाचा फोन आला. साहेबांनी स्वतःच्याच निवृत्तीवर सही केली होती!

मी धावत संगणक विभागातल्या ताईंकडे गेलो. "ताई, अट पुरी झाली नव्हती. मग पत्र छापलं कसं?"

"अटीवर अडलं की पुढच्या ओळीवर जा, असं तुम्हीच सांगितलंत ना?"

"हो."

"अटीच्या पुढची ओळ कुठली?"

"पत्र छाप," मी म्हणालो आणि खुर्ची शोधली.

पत्राचा मसुदाही माझाच होता, चांगला कडक: ‘या पत्रावर सही होताक्षणी आपण सेवामुक्त आहात.’ साहेबांचं पत्र सगळ्यात वर होतं. म्हणजे त्याखालच्या प्रत्येक कागदावर एका सेवामुक्त माणसाची सही. ड्रायव्हर वाचला, टेलिफोनवाल्या बाई वाचल्या, खरोखर अठ्ठावन्न झालेले तिघेही वाचले. बदलीचा कागद तेवढा बुडाला.

साहेब मात्र शांत होते. खरं वय एकसष्ट निघालं म्हणे! त्यामुळे त्यांना तक्रारही करता येईना. ड्रॉवर रिकामा करून त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. मला फार वाईट वाटलं, त्यांच्यासाठी थोडं आणि माझ्यासाठी बरंच.

शुक्रवारी नवे साहेब आले. मी लगेच बदलीचा कागद घेऊन उभा राहिलो. त्यांनी तो पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला.

"तो मॅक्रो लिहिणारे तुम्हीच ना?"

"हो साहेब."

"तीन वर्षं कुणाला पकडता आलं नव्हतं ते तुम्ही एका दिवसात पकडलंत. असा माणूस मी इथून सोडेन होय?"

आता त्यांना खरं सांगावं की घरी खोटं सांगावं, या विचारात मी अजून फोन हातात धरून बसलोय.