सकाळी सातचा आकडा

आमचे शेजारी सुभेदार साळुंखे कुणाचीही ओळख करून देताना आधी नाव सांगतात, मग गाव आणि मग आकडा. "हे कदम. वाईचं. दीड." कदम बिचारे नमस्कारासाठी जोडलेले हात तसेच धरून माझ्याकडं बघतात. मग मी त्यांना बाजूला घेऊन दीड म्हणजे काय ते समजावतो. साताऱ्यात राहायला आल्यापासून शाळेत गणित शिकवण्याखेरीज हे एक जादा काम माझ्यामागं लागलं आहे.

तुम्हालाही समजावून टाकतो. सुभेदार फौजेच्या सिग्नलमधून, म्हणजे संदेश पाठवणाऱ्या दळातून, निवृत्त झाले. त्यांच्याकडं हौशी रेडिओचा परवाना आहे आणि घरात बोलायचा सेट आहे. सेटमधून निघालेली ताकद केबलमधून अँटेनाकडं जाते. सगळं नीट जुळलं असेल तर ती हवेत जाते. तारेचं माप चुकलं किंवा एखादा जोड कच्चा राहिला, तर थोडी त्याच केबलनं माघारी येते. गेली किती आणि माघारी आली किती, यावरून एक आकडा निघतो, त्याला एसडब्ल्यूआर म्हणतात. काहीच माघारी आलं नाही तर आकडा एक. दीडपर्यंत चालतं. दोनच्या वर सुभेदार सेटला हात लावत नाहीत, कारण माघारी आलेली ताकद सेटच जाळून टाकते. हा आकडा काढायचं दोन काट्यांचं मीटर त्यांच्या टेबलावर, देव्हाऱ्याच्या शेजारी असतं. दोघांची पूजा एकाच वेळी होते.

माणसांनाही त्यांनी हेच माप लावलं आहे. सांगितलेलं ज्याच्या आत जातं तो एक. माझा मेहुणा साडेचार. "त्याला काय बी सांगा मास्तर, जसंच्या तसं माघारी!" हे खरं असल्यामुळं मला रागावता आलं नाही. आणि मी? "आमचं मास्तर म्हंजे एक पूर्णांक एक," असं ते भाजीवालीला, न्हाव्याला, माझ्या मुख्याध्यापकांनाही सांगून आले आहेत. या आकड्याबद्दलच मला आज लिहायचं आहे.

त्यांची अँटेना आमच्या गच्चीवर आहे. माझं घर एक मजला उंच, म्हणून मधला लोखंडी पाइप माझ्याकडं. तिथून तांब्याच्या तारेचे दोन हात निघतात, प्रत्येकी तेहतीस फूट. एक त्यांच्या गच्चीला बांधलेला, दुसरा आमच्या नारळाला. जाड काळी केबल पाइपावरून उतरून, आमच्या सोलरच्या टाकीमागून त्यांच्या खिडकीत जाते. मी परवानगी कधी दिली, मला आठवत नाही. चहा पिताना "व्हय ना मास्तर?" असं ते म्हणाले आणि मी मान हलवली, एवढं आठवतं.

तेव्हापासून माझे रविवार गेले. "मास्तर, टेप धरा." "मास्तर, बांबूनं तार फूटभर वर उचला. आता अर्धा फूट खाली. आता श्वास घेऊ नका." मी श्वास का घ्यायचा नाही, याचं शास्त्रीय कारण अजून मला मिळालेलं नाही. माझी बायको शैला हिला सकाळी सात ते आठ मिक्सर लावायची बंदी. "वैनी, चटणी आठनंतर वाटा. सातचं माझं काम असतंय." ते सातचं काम कसलं, हे मी विचारलं नाही. विचारलं की ते दोन तास सांगतात.

दिवाळीनंतर शेवग्याची एक फांदी सोलरच्या टाकीवर टेकायला लागली, म्हणून मी कोयता घेऊन वर गेलो. दुसऱ्या घावाला फांदी पडली आणि फांदीबरोबर काळी केबलही तुटून लोंबली.

त्याच क्षणी खाली जाऊन सांगायला हवं होतं. पण आदल्याच रविवारी त्यांनी मला तासभर बांबू धरून उभं केलं होतं. आता केबल म्हटल्यावर दिवसभर सुटका नाही, असं मनात आलं. म्हणून मी घरातली वायर जोडतो तशीच ती जोडली. आतली तार आतल्या तारेला, वरची जाळी जाळीला, पीळ देऊन वर काळी टेप. आमच्याकडं निम्मी घरं अशाच पिळावर उजळलेली आहेत. जोड टाकीमागं सरकवला आणि हात धुतले. आणखी एक गोष्ट शैलालाही मी सांगितलेली नाही. ते यंत्र चार दिवस बंद पडलं तर बरंच, असंही मला वाटून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला बेल वाजली. दारात सुभेदार, कानाला मफलर. घरात कुणाला ताप चढल्याचं सांगावं तसे ते म्हणाले, "मास्तर, तीन पूर्णांक दोन!"

गच्चीवर गेलो, तार बघितली, नारळ बघितला. अकरा वाजता त्यांनी पुन्हा मोजलं तर एक पूर्णांक दोन. दुसऱ्या सकाळी सातला पुन्हा तीनच्या वर. दुपारी ठीक. तार तपासायचा मल्टिमीटर लावला तो दुपारी, त्यामुळं त्यातही काही दिसेना.

आठवडाभरात माझ्या लक्षात आलं. पहाटेचं दव माझ्या टेपखाली मुरत होतं आणि ओल्या जोडावरून ताकद माघारी फिरत होती. ऊन चढलं की जोड सुकायचा. हे कळूनही मी गप्प राहिलो. पहिल्या दिवशी सांगायला पाच मिनिटं लागली असती. आठव्या दिवशी आधी आठ दिवसांचं सांगावं लागणार होतं.

मग जे सुरू झालं त्याला तोड नाही. सुभेदारांनी तार दोन इंच कापली, पुढच्या आठवड्यात दोन इंच वाढवली. शैलाची कपडे वाळत घालायची लोखंडी तार काढून नायलॉनची दोरी बांधली. पोपटांवर संशय घेतला. सकाळी ओलं असतं म्हणून नारळाला तीन दिवस पाणी घालू दिलं नाही. न राहवून मी एकदा चोरून टेप बदलली तर आकडा दोन पूर्णांक सहावर आला, आणि त्याचं श्रेय नारळाला गेलं. "बघा! तहानलं आन सुधारलं!"

"अहो सुभेदार, कंटाळत कसे नाही तुम्ही?" मी एकदा वैतागून विचारलं.

"मीटर खोटं बोलत न्हाई मास्तर. कुठंतरी कायतरी हाय."

एकदा ते म्हणाले, केबल वरपासून खालपर्यंत चाचपू. मी घाईनं म्हणालो, टाकीमागचं मी बघतो, तिथं अडचण आहे. मागं गेलो, माझ्याच जोडासमोर उभा राहिलो आणि "ठीक आहे" म्हणून बाहेर आलो. त्यांनी वहीत लिहिलं, "टाकीमागं मास्तरांनी बघितलं. ठीक." मी म्हटलं, स्वतः एकदा बघता का? ते म्हणाले, "तुमी बघितल्यावर मी कशाला बघू?"

तरीही मी बोललो नाही.

दोन महिने झाले आणि सुभेदारांनी नवीन शोध लावला. चूक आपल्याकडं नाही, तासगावकडं आहे. तासगावच्या बाजूला त्यांचे फौजेतले जोडीदार राहतात, हवालदार आदगोंडा पाटील. त्यांच्याकडंही असाच सेट आहे. एका सेटचा आकडा दुसऱ्या सेटमुळं बिघडत नाही, हे सुभेदारांनीच मला शिकवलेलं. ते मी बोलून दाखवलं. "ते मला म्हाईत हाय, पर जायचं," म्हणाले. पहाटे चारला माझ्या गाडीतून निघालो. मांडीवर मीटर, पायाशी टेप, आणि कराडपर्यंत तारांच्या मापावर व्याख्यान.

मळ्यातल्या घरी पोचलो तेव्हा सात वाजायला आले होते. दारात सूनबाई भेटल्या. कपाळाला हात लावून म्हणाल्या, "काका, तुमीच सांगा आता त्यास्नी. तुमचं मशीन बिघडलंय म्हणून फोन आला तवाच सांगितलंय. तरी रोज सातला बसत्यात. मला सेट लावून द्यायला लागतोय. आठला मी मळ्यात गेले की बंद."

आत खिडकीशी एक थकलेले गृहस्थ पाठमोरे बसले होते. कानावर हेडफोन. उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला. डाव्या हाताचं बोट मोर्सच्या कीवर, म्हणजे पूर्वी तार ऑफिसात असायच्या तसल्या खटक्यावर. टकटक करायचे, थांबायचे, ऐकायचे. पुन्हा टकटक.

"दोन वर्सं झाली पॅरालिसिसला," सुभेदार हळू आवाजात मला म्हणाले. "वाचा गेली. दिसतंय बी अंधुक. बोट तेवढं शाबूत. फोनवर मीच बोलायचं, त्यो गप. एकदा फोनवर टकटक केली तर सूनबाईंना वाटलं फोन बिघडला. त्याला बोलायचं असलं तर ह्ये एवढंच हाय."

"आता काय म्हणतायत ते?"

"मला बोलवतोय."

सुभेदार पुढं गेले. मला वाटलं हाक मारतील. त्यांनी मागं उभं राहून आदगोंडांच्या खांद्यावर बोट ठेवलं आणि बोटानंच टकटक केली. लांब, आखूड, आखूड. म्हातारा जागच्या जागी थिजला. मग मागं न वळताच त्यानं डावा हात वर करून खांद्यावरचं ते बोट घट्ट पकडलं, आणि कितीतरी वेळ सोडलं नाही.

त्या घराचं मीटर एक पूर्णांक दोन दाखवत होतं. सुभेदारांनी ते वहीत लिहूनसुद्धा घेतलं नाही.

परत येताना कराडच्या अलीकडं चहाला थांबलो. मी म्हणालो, "सुभेदार, केबल मी तोडली."

"थांबा मास्तर, मी इचार करतोय. आपल्या नारळाचं..."

"नारळाचं काही नाही! दिवाळीनंतर शेवगा तोडताना कोयता लागला. मी पीळ देऊन टेप लावली. टाकीमागं आहे. मी बघितलं म्हणालो ना, तिथंच."

त्यांनी कप खाली ठेवला.

"टेप किती पदर?"

"तीन."

"जाळी आतल्या तारेपास्नं किती लांब ठेवली?"

"ठेवलीच नाही. माहीतच नव्हतं."

"आरं देवा," एवढंच म्हणाले. साताऱ्यापर्यंत पुढं एक शब्द नाही. त्या माणसाला तासभर गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मी मनातल्या मनात व्याख्यानाची वाट बघत होतो. ते झालं असतं तर बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर ते थेट गच्चीवर गेले. माझा जोड कापून काढला, दोन्ही टोकांना नवे कनेक्टर सोल्डर केले, वर रबराची टेप ओढून बसवली. मी विस्तव धरावा तशी टॉर्च धरून उभा होतो. जाताना म्हणाले, "उद्या सातला या."

गेलो. काटे एक पूर्णांक दोनवर. सुभेदारांनी आपली मोर्सची की पुढं ओढली आणि बराच वेळ टकटक केली. थांबले. मी विचारलं, "काय कळवलंत?"

"सांगितलं, माझ्या हातचा जोड कच्चा ऱ्हायला. दोन म्हैनं माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

"अहो, पण जोड मी..."

"गप बसा. तुमचं नाव सांगून त्याला काय मज्जा? सिग्नलचा सुभेदार कच्चा जोड करतोय म्हणल्यावर त्याचा दिवस चांगला जाईल."

तेवढ्यात पलीकडून सुरू झालं. भराभर, न थांबता. सुभेदारांचा चेहरा उजळत गेला.

"काय म्हणतात?"

"शिव्या घालतोय," सुभेदार खुशीत म्हणाले. "परवान्यात बसत्याल तेवढ्याच." त्यांनी हेडफोनची पिन काढून आवाज मोठा केला. "ऐका मास्तर. डाव्या हातानं देतोय, पर ठोका कसा सरळ पडतोय बघा!"

मला एक अक्षर कळत नव्हतं. पण त्या शिव्या माझ्या होत्या, म्हणून संपेपर्यंत मी उभा राहून ऐकल्या. बऱ्याच होत्या.