नथ्थूजींची आणेवारी

वरवट बकालला बदली होऊन मला जेमतेम तीन दिवस झाले होते, आणि स्वयंपाकघरातल्या डब्यांमागे साप निघाला. मी ओरडत अंगणात आलो. सुमती, म्हणजे माझी बायको, त्याआधीच तुळशीच्या ओट्याशेजारी दगडावर चढून उभी होती. गलका ऐकून शेजारच्या घरातून एक वाळकुडे, उंच गृहस्थ काठी घेऊन आले, सरळ आत शिरले, कमरेत वाकले आणि चष्मा वर सरकवून निवांत पाहत राहिले.

मी बाहेरूनच विचारलं, "विषारी आहे का हो?"

"दहा आने," ते म्हणाले.

मी चाट पडलो. दहा आणे विषारी म्हणजे काय? चावला तर मी दहा आणे मरायचं आणि उरलेल्या सहा आण्यांनी शाळेत हजर व्हायचं?

"अंगावरचे पट्टे विषाऱ्याचे हायेत, डोकं बिनविषाऱ्याचं," आतून शांतपणे उत्तर आलं. "शेपूट डब्यामागं हाये, थे दिसून नाही राह्यलं. दिसलं की सांगतो."

शेपूट दिसल्यावर त्यांनी सापाला तीन आण्यांवर आणलं, काठीवर उचललं आणि नाल्यात सोडून आले. जाताना मला म्हणाले, "आता घाबरा मास्तर, पण तीन आनेच घाबरा."

हे आमचे शेजारी नथ्थूजी पटवारी. इतर ठिकाणी ज्याला तलाठी म्हणतात त्याला वऱ्हाडात पटवारी म्हणतात. नथ्थूजी निवृत्त झाले होते, बायको वारली होती, मूलबाळ नव्हतं. घरात एक खाट, एक कंदील, आणि लाल कापडात बांधलेल्या जुन्या वह्या.

मी पडलो गणिताचा मास्तर, त्यातून जुन्नरकडचा. उत्तर बरोबर असतं किंवा चूक असतं, मधलं काही नसतं, असं मी वर्गात टेबलावर हात आपटून सांगत असे. असल्या माणसाच्या शेजारी देवाने नथ्थूजींना आणून ठेवावं, याला चेष्टा नाही तर काय म्हणायचं?

त्यांचं हे आण्यांचं वेड आलं कुठून, ते मला पुढे कळलं. पटवाऱ्याला दरवर्षी आणेवारी लावावी लागे. पूर्ण भरलेलं पीक ते सोळा आणे धरायचं, आणि यंदाचं पीक त्यातलं किती आणे आलं ते ठरवायचं. त्यावर गावाचा शेतसारा ठरे. नथ्थूजी बांधावर उभे राहत, डोळे अर्धे मिटत, जवारीचं कणीस तळहातावर चोळत, चार दाणे तोंडात टाकत आणि म्हणत, "साडेनऊ." मागून कापणी करून मापं घातली, तरी साडेनऊच निघे. पस्तीस वर्षं हेच केल्यावर माणसाचे डोळे तसेच होऊन बसतात. पुढे सरकारने आणे बंद केले, नाण्यातले केले आणि पिकातलेही केले. पैसेवारी आली. नथ्थूजींनी मात्र तो हुकूम मनावर घेतला नाही. "पैशात मले पीक दिसत नाही," असं ते सांगत.

सुमती त्यांना रोज चहा देई आणि मुद्दाम विचारी, "काका, गोड झालाय का?"

"नऊ आने, माय. काल अकरा होता."

न्हाव्याने विचारावं, नथ्थूजी, म्हातारे झाले का तुम्ही? "बारा आने झालो. गुडघे पंधरा, बाकीचा नऊ-दहा." एकदा मी सहामाहीचे पेपर तपासत बसलो होतो. एका पेपरावर मी भलामोठा भोपळा काढला, तर हे माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाले, "हे काऊन केलं? गणित चुकलं, पण रीत चार आने बरोबर हाये. शून्य कोनालेच नसते, मास्तर."

"मग सोळा तरी कोणाला असतात का?" मी चिडून विचारलं.

"सोळाबी नाही. थे देवाजवळ."

आणि खरोखरच त्यांच्या तोंडून कोणी कधी सोळा ऐकले नव्हते. पोस्टमनपासून सरपंचापर्यंत सगळ्यांनी त्यांना पकडायचा प्रयत्न करून झाला होता. भर बारा वाजता कोणी विचारलं, नथ्थूजी, आता दिवस आहे का रात्र, तर हे आभाळाकडे बघत. "पंधरा आने दिवस. तिकडं थोडकसं ढग हाये."

मी वाद घालायचो. एखादी गोष्ट असते किंवा नसते हो, मध्ये कशाला लटकवता? त्यावर एका संध्याकाळी त्यांनी मला माझं घड्याळ घेऊन ओट्यावर बसवलं. "सांज कोनत्या मिनिटाले लागते थे लिहून ठेवा. मी जेवून येतो." मी तासभर बसलो. अंधार झाला आणि कागद कोराच राहिला. सुमती आतून हसत होती, हे जास्त झोंबलं.

त्याच वर्षी उन्हाळ्यात नागपूरला गणिताच्या शिक्षकांचं शिबिर होतं. शेवटच्या दिवशी एका तरुण प्राध्यापकांनी सांगितलं की अमेरिकेत गणिताची एक नवी शाखा निघाली आहे, तिला फझी सेट म्हणतात. तिच्यात एखादी वस्तू संचात आहे किंवा नाही, एवढ्यावर भागत नाही. किती अंशी आहे, ते शून्य ते एकच्या मधल्या आकड्याने सांगायचं. म्हातारा माणूस म्हणजे कोण, गरम दिवस म्हणजे कोणता, असल्या गोष्टींसाठी ही सोय. पुढे त्यांनी निर्णय कसा घ्यायचा तेही फळ्यावर मांडलं. समोरच्या प्रत्येक पर्यायाला प्रत्येक कसोटीवर असा आकडा द्यायचा, त्यातला सर्वांत लहान तेवढा धरायचा, आणि ज्याचा लहानातला लहान आकडा सर्वांत मोठा, तो पर्याय उचलायचा.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. शेजारचे सगळे वहीत उतरवून घेत होते आणि मला फळ्यावर नथ्थूजी दिसत होते.

गावी येऊन मी पिशवीही न ठेवता त्यांच्याकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ऐकून घेऊन ते म्हणाले, "त्यायच्या मुलखात जुने पटवारी असन."

"पटवारी नाहीत हो, मोठी मोठी यंत्रं आहेत."

"यंत्र वावरात जाते काय?"

"नाही."

"मंग त्याले कसं समजते, बाप्पा?" एवढं बोलून ते अंगण झाडायला लागले.

इथवर सगळी गंमत होती. पोळ्यानंतर सुमतीच्या पोटात दुखायला लागलं. आधी आम्ही ओवा, हिंग करत बसलो. मग तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासून मला बाजूला घेतलं. पोटात गाठ होती, ऑपरेशन करावं लागणार होतं, आणि महिनाभरही थांबून चालणार नव्हतं. कुठे करायचं ते तुम्ही ठरवा, म्हणाले.

मला ठरवता येईना. पुण्याला न्यावं तर तिथे नामांकित डॉक्टर, माझी माणसं, तिची माणसं. पण दोन दिवसांचा एस.टी. आणि गाडीचा प्रवास तिला सोसणार कसा? तालुक्याला करावं तर घर जवळ, पण मोठा सर्जन पंधरवड्यातून एकदा यायचा. अकोल्याला करावं तर तिथे आमचं ओळखीचं कुत्रंही नव्हतं. मी शाळेत मुलांना रोज उत्तरं देणारा माणूस, दोन दिवस नुसता येरझारा घालत होतो. तिसऱ्या दिवशी नथ्थूजी कोळशाचा तुकडा घेऊन आले आणि आमच्या ओट्यावर बसले.

"सांगा एकेक."

ओट्यावर त्यांनी तीन रेघा ओढल्या. पुण्याला डॉक्टरचा हात पंधरा आणे, जवळचं माणूस पंधरा, वाट तीन. तालुक्याला वाट तेरा, माणूस नऊ, डॉक्टर वेळेवर मिळायचे पाच. अकोल्याला डॉक्टर बारा, वाट आठ, आणि माणूस? मला शाळेतून आठ दिवसांपलीकडे रजा नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी चार लिहिले.

मी म्हटलं, "बेरीज केली तर पुणंच येतं."

"बेरीज नोका करू. बियाणं पंधरा आने असते, पाऊस पंधरा आने असते, अन् कपाशीले अळी लागली का पीक तीन आने. पीक नेहमी कमीवाल्याचंच ऐकते." त्यांनी पुण्यापुढे तीन लिहिले, तालुक्यापुढे पाच, अकोल्यापुढे चार.

मी हबकून ओट्याकडे पाहत होतो. नागपूरच्या फळ्यावर हेच होतं. फळ्यापुढे बसलो होतो तेव्हा माझे हातपाय असे गार पडले नव्हते, एवढाच फरक.

"म्हणजे तालुक्याला?" मी विचारलं.

नथ्थूजींनी कोळसा खाली ठेवला. मग त्यांनी अकोल्यापुढचे चार अंगठ्याने पुसले. "मी येतो. तिकडं राहतो, माय घरी येईपावतर. मानसाचे दहा धरा. आता वाटेचे आठ सगळ्यात कमी, तरी तालुक्याच्या पाचाहून जास्त. चला अकोल्याले."

मी थक्क झालो. कारण सगळ्या गावाला माहीत होतं, नथ्थूजी अकोल्याला पाऊल ठेवत नाहीत. गेली अकरा वर्षं त्यांनी पेन्शनचं कामदेखील भाच्यावर सोपवलं होतं. कारण विचारलं तर म्हणत, तिकडलं पाणी मानवत नाही.

अकोल्याला त्यांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात सतरंजी टाकली आणि तिथलेच होऊन गेले. सुमतीला मऊ भात आणून देत, दुपारी तिच्याशी पत्त्यांचा डाव मांडत, नर्सबाईंना त्यांच्या इंजेक्शनचे आणे सांगत. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टर माझ्याशी बोलले, तेव्हा हे दोन पावलं मागे उभे होते. डॉक्टर म्हणाले, बघू, प्रयत्न करू. मला त्यातून काहीच कळलं नाही.

सकाळी सुमतीला ढकलगाडीवर घातलं. ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी गाडी थांबली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी तिचा हात धरून काहीबाही बोलत होतो. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मान वळवून ती नथ्थूजींना म्हणाली, "काका, मी परत येईन ना? खरं सांगा. किती आणे?"

नथ्थूजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला.

"सोळा आने, माय."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. सुमतीला एकदम हसू फुटलं. "बघा हं, तुम्ही साक्षीला आहात," ती मला म्हणाली, आणि हसत हसतच आत गेली. दार लागलं.

आम्ही बाकावर बसलो. माझ्या जिवाला विलक्षण हलकं वाटत होतं. जो माणूस भर दुपारला पंधरा आणे देतो, त्याने सोळा म्हटल्यावर मी कशाला काळजी करू? मी त्यांच्या गुडघ्यावर थाप मारून म्हटलं, "नथ्थूजी, आज तुम्ही सापडलात. गावात सगळ्यांना सांगणार."

"सहा होते," ते म्हणाले.

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

"काल डागदर तुमच्याशी बोलत होते, म्या त्यायच्या तोंडाकडं पाहत होतो. आठाचे सहा झाले होते, मास्तर."

 मला राग आला. खोटं बोललात तुम्ही तिच्याशी, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते, समोरच्या दाराकडे बघत होते.

"अकरा वर्साआधी आमची जानकी याच दारातून आत गेली. तिनंबी हेच इचारलं होतं मले. म्या पाहून सांगितलं, सात आने." ते थांबले. "बरोबर होते सात. माहा अंदाज चुकला नव्हता. तिनं नुसती मान हलवली अन् गेली. आतमंधी किती वेळ जागी असन कोन जाणे. तितका वेळ ती सात आने घेऊन पडली होती."

 एवढी वर्षं मुलांना उत्तर बरोबर आलं पाहिजे म्हणून दमात घेणारा मी त्यांच्या शेजारी बसून ढसाढसा रडलो. त्यांनी मला उपरणं दिलं. स्वतः रडले नाहीत.

दुपारी दोनच्या सुमाराला नर्सबाई बाहेर आल्या. ऑपरेशन झालं होतं, रक्त बरंच गेलं होतं, पण धोका टळला होता. सुमतीला मागच्या दाराने वॉर्डात नेलं होतं. मी धावत गेलो. ती अर्धवट शुद्धीत होती. माझा हात चाचपून पहिलं काय बोलली, तर "काकांना बोलवा, सोळा म्हणाले होते."

मी त्यांना बोलवायला परत आलो. बाकावर कोणी नव्हतं. नथ्थूजी ऑपरेशनच्या खोलीच्या बंद दारासमोर उभे होते. वहाणा काढून हातात घेतल्या होत्या आणि कपाळ दाराला टेकलं होतं. मी हाक मारणार, तोच त्यांचा आवाज ऐकू आला. ते दाराशी अगदी हळू बोलत होते.

"सोळा आने, जानके. सोळा आने."

मी तसाच पाय न वाजवता मागे फिरलो आणि सुमतीला सांगितलं, काका येताहेत, थोडा वेळ लागेल.