आवृत्ती चारावरून नवावर चाल केली त्याची हकिगत

श्रीविघ्नहर्त्यास दंडवत, वीजपुरवठा अखंड असो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, माघमासी राज्यात वर्तमान ऐसे जाहले जे, आज्ञाराम नामे सॉफ्टवेअर चाकरीस होते, आणि ते परमुलखी क्लाउडात न ठेविता गडाच्या आत स्वतःच्या सर्व्हरावर बसविले होते, आणि एका हुकुमासरशी सहाशे संगणकांची झाडलोट, दुरुस्ती, पासवर्डांची अदलाबदल निमूट करी. त्याची आवृत्ती चौथी. शेजारच्या राज्यात नववी आली हे ऐकोन मुख्य सरदार विश्रामराव कारखानीस यांस अन्न गोड लागेना. मग त्यांनी आज्ञारामाची राखण करणाऱ्या वैजयंतीबाई फणसळकर यांस बोलावून आज्ञा केली, "शनिवारी नऊ करून टाका." बाई बोलिल्या, "साहेब, चारावरून पाच, मग सहा, ऐसे पायरीने चढावे लागते. थेट उडी घेतली तर सहाशे संगणक मुके होतील." साहेब म्हणाले, "मी दोन पदे गाळून येथवर आलो. माझे काय अडले?" बाई म्हणाल्या, "आपले नाही अडले, साहेब. खालच्यांचे अडले." मग बिघडले तर नोकरी आपलीच जाणार हे ओळखोन बाईंनी लेखी हुकूम मागितला. साहेब हसोन म्हणाले, "आपण एका घरचे. घरात कोणी लेखी देते काय?"

मग बाईंनी शुक्रवारी, कोणास न पुसता, सगळ्याचा बॅकअप दुसऱ्या सर्व्हरावर नेऊन ठेविला, आणि शनिवारी सकाळी साहेबांचे समक्ष नारळ फोडोन कळ दाबिली. नववी आवृत्ती मोठ्या डौलाने अवतरली, रंग नवे, चित्रे नवी, आणि जुन्या हुकुमांतील एकही तिजला वाचता येईना. सहाशे संगणक मुके जाहले. साहेबांनी घाम टिपोन विचारिले, "हे करायला सांगितले कोणी?" बाई बोलिल्या, "लेखी तर कोणीच नाही." मग साहेब नरम पडोन म्हणाले, "वैजयंतीबाई, काहीतरी करा हो," आणि बाईंनी बॅकअप आणोन दोन घटकांत चौथी आवृत्ती पुन्हा गादीवर बसविली.

सोमवारी दरबारी साहेबांनी निवेदन केले की नववीची आम्ही कसून परीक्षा घेतली, ती राज्याच्या लायक नाही. आणि त्यांस शाल मिळाली. बाईंस त्याच दिवशी साहेबांचे सहीचा कागद पोचला की विनापरवानगी बॅकअप घेतलाच कसा, तीन दिवसांत खुलासा करावा. बाईंनी तो कागद सोबत जोडोन एका ओळीत खुलासा धाडिला: "यापुढे घेणार नाही." तो वाचोन साहेबांनी दोन्ही कागद स्वहस्ते फाडिले.

येणेप्रमाणे मोहीम जाहली. आवृत्ती चार, संगणक सहाशे चालू, बाईंची नोकरी शाबूत. ऐकिले तैसे लिहिले. उणेअधिक असेल ते सर्व्हराचे.