सर्व्हरची खंडेनवमी

ज्ञानेशने सर्व्हर घेतला तो हौस म्हणून नव्हे, गरज म्हणून, असं त्याचं आजही म्हणणं आहे. ही गरज त्याला सर्व्हर पाहिल्यानंतर निर्माण झाली, एवढंच.

झालं असं की २००४ साली सातपूरच्या ज्या कारखान्यात तो स्टोअरमध्ये कारकून होता, तिथे जुन्या सामानाची विल्हेवाट लावायचं ठरलं. मोडक्या खुर्च्या आणि गंजलेले पंखे यांच्या रांगेत तो सर्व्हर उभा होता. काळाकुट्ट, गुडघ्याच्या वर उंच, पुढच्या तोंडाला एकाखाली एक चार खण. "कोणी नेणार का हे घरी?" असं साहेबांनी विचारलं आणि ज्ञानेशचा हात वर गेला. (त्याचा हात असाच वर जातो. सोसायटीचा सेक्रेटरी तो याच पद्धतीने झाला होता.)

रिक्षातून तो सर्व्हर इंदिरानगरला आणताना ज्ञानेशने त्याला सीटवर बसवलं आणि स्वतः कडेला लोंबकळत आला. घरात छायाने दार उघडलं, बघितलं आणि एकच प्रश्न विचारला.

"हे काय आहे?"

"सर्व्हर. घरातले सगळे कॉम्प्युटर याला जोडायचे. नेटवर्क."

"आपल्याकडे एकच कॉम्प्युटर आहे."

"सुरुवात एकापासूनच होते," ज्ञानेश म्हणाला.

तेव्हा नेटवर्क म्हणजे त्या एका कॉम्प्युटरला सर्व्हरशी जोडणारी बारा फुटांची निळी वायर, एवढंच होतं. पण ती जोडून त्याने बटण दाबलं आणि घर दणाणलं. आत सहा पंखे होते आणि सहाच्या सहा एकमेकांवर रागावल्यासारखे फिरत होते. दहा मिनिटांत शेजारच्या विमलाबाई गव्हाचा डबा घेऊन दारात हजर झाल्या.

"घरघंटी घेतली आणि सांगितलं नाहीस होय छाया? पाचच किलो आहेत. जरा बारीक काढ, पोळ्यांचं आहे."

घरघंटी नाही म्हटल्यावर विमलाबाईंनी डबा बंद केला, पण चेहरा काही बंद होईना. एवढा आवाज करून पीठ पडत नाही हे त्यांना पटलं नाही ते नाहीच. त्या पुढे महिनाभर छायाशी तुटक वागत होत्या.

आता त्या चार खणांबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथेच घडलं. प्रत्येक खणात ड्रॉवरसारखी सरकणारी एक डिस्क होती. त्या चौघींमध्ये माल असा वाटून ठेवता येत होता की उद्या एखादी मेली तरी उरलेल्या तिघी मिळून तिचा वाटा भरून काढतील. अट एकच होती. जी डिस्क ज्या खणात, ती त्याच खणात राहायला हवी. हे सगळं जमवायला ज्ञानेशचे तीन रविवार गेले. कॉलेज रोडच्या सायबर कॅफेतून त्याने बेचाळीस पानं छापून आणली आणि देव्हाऱ्यासमोर पोथी वाचावी तशी मांडी घालून वाचली. शेवटी चार हिरवे दिवे लागले, तेव्हा त्याने स्केचपेनने डिस्कांवर १, २, ३, ४ असे आकडे घातले आणि घरातल्या सगळ्यांना बोलावून ते दिवे दाखवले. (घरातले सगळे म्हणजे छाया आणि नऊ वर्षांची सृष्टी. सृष्टी लगेच निघून गेली.)

"पण यात ठेवायचं काय?" छायाने विचारलं.

"तुझ्या कॅसेटी," ज्ञानेश म्हणाला, आणि छाया पहिल्यांदाच त्या यंत्राच्या जवळ येऊन बसली.

छायाचे वडील गोटीराम कळवणकडचे भाजी पिकवणारे. अंगठेबहाद्दर. एक्क्याण्णव साली छाया डी.एड.साठी नाशिकच्या होस्टेलवर राहायला आली तेव्हा पोरीला पत्र कसं लिहायचं हा त्यांना प्रश्न पडला. दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं तर मनातलं कसं सांगणार? मग त्यांनी टू-इन-वनमध्ये कोरी कॅसेट घातली, लाल बटण दाबलं आणि बोलले. ती कॅसेट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मेथीच्या जुडीत खोचली आणि भाजीच्या टेम्पोवर पाठवून दिली. पंचवटीतल्या बाजारात पहाटे टेम्पो यायचा, छाया जाऊन पिशवी घ्यायची, रूमवर ऐकायची आणि दुसऱ्या बाजूवर उत्तर भरून पुढच्या टेम्पोने परत पाठवायची. दोन वर्षं असं चाललं. त्यातल्या सहा कॅसेटी छायाने लग्नात सोबत आणल्या होत्या. वडिलांनी तिला दिलेल्या सगळ्या वस्तूंत तिला त्याच जास्त प्रिय होत्या, आणि आता त्यांना बुरशी धरली होती.

ज्ञानेशने हे काम मनापासून केलं. टू-इन-वनपासून कॉम्प्युटरपर्यंत वायर टाकली, सहाही कॅसेटी दोन्ही बाजूंनी वाजवून भरून घेतल्या, आणि कॉम्प्युटरची स्वतःची डिस्क चिमुकली असल्यामुळे सगळं सर्व्हरवर ठेवलं. छाया त्या दिवशी स्वयंपाक सोडून बसली होती. तिने ज्ञानेशला आपण होऊन दुसऱ्यांदा चहा दिला, ही त्यांच्या संसारात नोंद घेण्यासारखी घटना होती.

श्रावणात कळवणहून गोटीरामांचा फोन आला. "जावईबापू, बाजरीवर चिमण्या लय झाल्यात. जुन्या कॅसेटी असतील तं द्या धाडून. फिती ताणल्या की वाऱ्यानं वाजत्यात, पाखरू येत नाय."

ज्ञानेशचा हात वर गेला. फोनवर तो कुणाला दिसला नाही, पण गेला.

"त्याच कॅसेटी?" छाया म्हणाली. "नको हो. असू द्या."

"अगं, बुरशी लागलेल्या त्या. आता सगळं सर्व्हरवर आहे. एक डिस्क मेली तर बाकीच्या तिघी भरून काढतात. तुझ्या कॅसेटीला जमतं का तसं?"

कॅसेटीला तसं जमत नव्हतं. छायाने तीन दिवस घेतले आणि चौथ्या दिवशी पिशवी काढून दिली. कसल्या कॅसेटी आहेत ते गोटीरामांना कोणी सांगितलं नाही. त्यांनी त्या फोडल्या आणि स्वतःचा आवाज स्वतःच्याच बाजरीवर या बांधापासून त्या बांधापर्यंत ताणला. चिमण्या खरोखर आल्या नाहीत.

ऑक्टोबरमध्ये गोटीरामांच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डॉक्टरांनी पंधरा दिवस शेतात जायचं नाही असं बजावलं, म्हणून ते लेकीकडे राहिले. डोळ्यावर हिरवी पट्टी, टीव्ही बंद, पेपर तर आयुष्यात कधी वाचलाच नव्हता. म्हातारा नुसता येरझाऱ्या घालायचा. त्यांचं मन रमावं म्हणून ज्ञानेशने एकदा सर्व्हरवर भजन लावलं आणि ते चालू असताना एक डिस्क ओढून बाहेर काढून दाखवली. भजन थांबलं नाही. गोटीरामांनी हात जोडले.

"बैल काढला तरी गाडी चालती म्हना की."

"चालते, मामा. काही होत नाही तिला."

छायाने ठरवलं, दसऱ्याला चार वाजता आप्पांना, म्हणजे वडिलांना, त्यांच्याच जुन्या कॅसेटी ऐकवायच्या. कान तर शाबूत आहेत. त्यांना आधी कळू द्यायचं नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. ज्ञानेशच्या कारखान्यात त्या दिवशी यंत्रांना हार घालतात, नारळ फुटतो, पेढे मिळतात, त्यामुळे तो सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून निघाला. गोटीराम गॅलरीत उदास बसले होते.

"काय झालं, मामा?"

"काय नाय. आज घरी असतो तं विळे, कुदळी, पंप, समदं धुऊन पाटावर मांडलं असतं. साठ वरसांत पयल्यांदा चुकलं."

ज्ञानेशला वाईट वाटलं. दारातून जाता जाता तो सहज म्हणाला, "मग आमच्या सर्व्हरची करा की पूजा! अगदी साग्रसंगीत."

साग्रसंगीत म्हणजे काय हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. खंडेनवमीला अवजार नुसतं ओवाळायचं नसतं. ते खोलायचं, त्याचा मळ काढायचा, सुटे भाग पाटावर मांडून गंधफूल वाहायचं आणि मगच परत जोडायचं. गोटीरामांनी लोडशेडिंगची वीज गेलेली पाहून चारही डिस्का काढल्या, ओल्या फडक्याने लख्ख पुसल्या, त्यावर "शाईचे डाग पडले व्हते" तेही खसाखसा घासून काढले, मांडून झेंडू वाहिले, नैवेद्य दाखवला आणि एका डोळ्याने नीट बघून प्रत्येक डिस्क जो खण रिकामा दिसला त्यात सरकवून दिली.

दसऱ्याला साडेतीन वाजता छायाने श्रीखंडाचं पातेलं झाकून ठेवलं, केसांत शेवंती माळली आणि वडिलांना खुर्चीत आणून बसवलं. विमलाबाईही सोनं द्यायला आल्या होत्या, त्या थांबल्या. ज्ञानेशने एखाद्या कार्यक्रमाचा उद्घाटक असावा तसं बटण दाबलं. चारही दिवे लागले. लाल.

"आज सणाचे म्हणून लाल आहेत का?" विमलाबाईंनी विचारलं.

ज्ञानेशने वाकून पाहिलं. प्रत्येक डिस्कवर गंधाचा टिळा होता. आकडा एकीवरही नव्हता.

"मामा," तो शक्य तेवढ्या शांतपणे म्हणाला, "यातली वरची कुठली होती?"

"वरची?" गोटीराम म्हणाले. "चारी सारख्याच हायेत की वो. वरची खालची असं देवापुढं कुठं करता?"

ज्ञानेश कारकून माणूस. त्याने कागद घेतला, चार डिस्का चार खणांत किती तऱ्हांनी बसतील ते मांडलं. चोवीस. एकेक तऱ्हा लावायची, यंत्र सुरू करायचं, पाच मिनिटं थांबायचं, लाल दिवे बघायचे, पुन्हा बंद. सहा वाजता लोडशेडिंगची वीज जाणार होती. पाचपर्यंत आठ झाल्या. छायाने केसांतली शेवंती काढून हातात घेतली होती. साडेपाचपर्यंत तेरा. चौदाव्या वेळी पडद्यावर पहिल्यांदाच काहीतरी नवीन आलं. चार ओळी इंग्रजी आणि शेवटी प्रश्न, वाय की एन, म्हणजे हो की नाही.

इथे ज्ञानेशची नोकरी नडली. स्टोअरमधल्या कॉम्प्युटरवर प्रत्येक पावतीला वाय की एन विचारतात, आणि गेल्या नऊ वर्षांत त्याने दिवसाला दोनशे वेळा न वाचता वाय दाबलेलं होतं. त्या कॉम्प्युटरने कधी काही वाईट विचारलं नव्हतं. त्याचं बोट गेलं. मग डोळे गेले. चार ओळींत लिहिलं होतं की या डिस्कांवरचं आहे नाही ते सगळं पुसून नव्याने मांडामांड करू का.

चार हिरवे दिवे लागले.

"झालं बाई एकदाचं!" विमलाबाई म्हणाल्या.

ज्ञानेश तसाच जमिनीवर बसून राहिला. छायाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला सांगायची गरज उरली नाही. ती भिंतीला टेकून खाली बसली.

"अठरा वर्षांची होते हो मी त्यात," ती म्हणाली. "आप्पांची मेथी किती गेली ते मी विचारायचे. मधेच रडायचे. सगळं होतं त्यात." आणि ती रडायला लागली. ज्ञानेशला इतकं वाईट आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. ओरडली असती तर बरं, असं त्याला वाटलं. त्याच्या डोक्यात एकच आशा चमकली.

"मामा, त्या बाजरीवरच्या फिती आहेत ना अजून?"

"बाजरी तं सोंगून झाली. फिती गोळा करून पेटवल्या मी. का वो?"

मग सगळं सांगावं लागलं. कॅसेटी कोणत्या, फिती कसल्या, डिस्का काय आणि वाय म्हणजे काय. गोटीराम पट्टीखालचा डोळा सांभाळत शेवटपर्यंत ऐकत होते. सांगून झाल्यावर ज्ञानेश म्हणाला, "चूक माझी आहे, मामा. पूजेचा काही दोष नाही." एवढं एक वाक्य त्या दिवशी तो बरोबर बोलला.

"येडी का काय तू छाया?" गोटीराम म्हणाले. "बोलनं गेलं. बोलनारा हितं बसलाय ना? आना ते बोलायचं यंत्र. पर त्या काळ्यात नगा भरू."

वीज जायला बारा मिनिटं होती. ज्ञानेशने माइक जोडला आणि कॉम्प्युटरवरच लाल बटण दाबलं. गोटीराम ताठ बसले, खाकरले, आणि तेरा वर्षांपूर्वी म्हणायचे तसेच म्हणाले, "छायाबाई, मी आप्पा बोलतोय. मेथी पोचली का?" छायाने तोंडाला पदर लावला. पण जुन्या गोष्टी त्यांना काही आठवेनात. ते नेहमी त्या त्या आठवड्याची बातमी सांगायचे, आणि या आठवड्याची मोठी बातमी एकच होती. ती त्यांनी आठ मिनिटं रंगवून सांगितली. छाया रडता रडता हसायला लागली आणि मग थांबेचना. विमलाबाई तर जमिनीवर बसल्या. शेवटी गोटीराम म्हणाले, "तं छायाबाई, जावई मानूस म्हनून सोनं हाय. शिवी नाय, दारू नाय. फकस्त त्यांच्याकडं कायी सांभाळाया देऊ नको." आणि वीज जायच्या आधी एक मिनिट ज्ञानेशने ते सेव्ह केलं. या वेळी त्याने प्रश्न दोनदा वाचला.

पाच वर्षांनी गोटीराम गेले. त्यांचा आवाज आता तेवढाच उरला आहे. दर दसऱ्याला कळवणचे सगळे जमले की तो लागतो, आणि पोरासोरांना तो तोंडपाठ आहे. ज्ञानेशलाही तो फार आवडतो. ऐकताना शेवटी त्याच्या डोळ्यांत पाणी येतं आणि लोकांना वाटतं की अपमानाने आलं. त्याने त्याच्या नऊ प्रती नऊ ठिकाणी ठेवल्या आहेत.

त्या आवाजाची मूळ सीडी मात्र छायाने दुसऱ्याच दिवशी स्वतः जाऊन करून आणली होती. ती गोदरेजच्या कपाटात आतल्या खणात असते, आणि त्या खणाची किल्ली कुठे असते हे विमलाबाईंना माहीत आहे.