लवंगा टोचलेलं संत्रं

माणूस ओळखण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही! हे मीच सांगतोय, कारण घरात दुसरं कुणी सांगत नाही. वीस वर्षं मी बँकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतोय. माणूस नुसता चहा ढवळताना दिसला तरी हा पुढे कुणाच्या खुर्चीवर बसणार, हे मी सांगू शकतो. तेव्हा शेजारच्या ब्रिंकमानांबद्दल मला पहिल्या दिवसापासून जो संशय होता, तो काही हवेतून आलेला नव्हता.

आम्ही लंडनच्या टोकाला, स्टॅनमोरला राहतो. मी श्रीनिवास, माझी बायको प्रमोदिनी, ही हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ, आणि नऊ वर्षांची तनया. घर सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एक भिंत शेजाऱ्याच्या आणि आमच्या मालकीची. विलायतेत राहायचं तर शेजारी इंग्रज असावा, हवापाण्याची दोन वाक्यं बोलून आत जाणारा! माझ्या वाट्याला यंदा आलं योर्ग आणि उटे ब्रिंकमान हे निवृत्त जर्मन जोडपं. तो इंजिनियर, ती शाळेतली बाई.

पहिल्याच महिन्यात रविवारी मी गवत कापायचं मशीन काढलं. कुंपणावरून ब्रिंकमानचं डोकं वर आलं.

"आज रविवार आहे."

"हो ना, म्हणूनच वेळ मिळाला."

"आज रविवार आहे," तो पुन्हा म्हणाला आणि आत गेला. रविवारी आवाज करायचा नाही, ही त्यांच्या देशातली पद्धत, हे मला दोन महिन्यांनी कळलं. तोपर्यंत मी ती धमकी समजत होतो.

मग एकदा त्यांनी कॉफीला साडेतीनला बोलावलं. आम्ही आपले घरच्यासारखे चार वाजून दहा मिनिटांनी गेलो, तर केक कापून, खाऊन, बशा धुऊन ठेवलेल्या! एकदा तर त्याने माझ्या कचऱ्याच्या डब्यातून दह्याचा डबा काढून माझ्या हातात दिला. "झाकण वेगळं टाकायचं असतं." दुसऱ्याच्या कचऱ्यात हात घालणारा माणूस माहिती काढत नसेल तर काय करत असेल, तुम्हीच सांगा!

आणि त्या खिडक्या! ऐन डिसेंबरात, रोज सकाळी बरोब्बर सव्वानऊला, घरातल्या झाडून सगळ्या खिडक्या दहा मिनिटं सताड उघडायच्या. "हवा बदलायला," म्हणे! उटेची तर वेगळीच तऱ्हा. आमच्या चपला-बूट आपल्या सवयीप्रमाणे दाराबाहेर असतात. येता-जाता त्यांच्याकडे बघून ती स्वतःशीच हसायची.

हे सगळं मी पोटात घातलं असतं, पण मध्ये किचन आलं. आमचं किचन एवढंसं, की फ्रिज उघडायचा तर पोळ्या लाटणाऱ्याने बाहेर जायचं. प्रमोदिनी आठ वर्षं बाहेर जात होती. आता मागे बांधकाम करून ते वाढवायचं ठरलं, पण त्याला भिंतीच्या भागीदाराची लेखी संमती लागते. बिल्डरने बजावलं होतं, "सोमवारी सही केलेला कागद हातात नसेल, तर जानेवारीची तारीख दुसऱ्याला. मग थेट सप्टेंबर!"

ब्रिंकमानने नकाशे अकरा दिवस ठेवून घेतले. टेप घेऊन भिंत मोजली. फोटो काढले. वर मला तोंडावर म्हणाला, "तुमच्या नकाशात चूक आहे." आता इंग्रज कसा, 'किती सुंदर!' म्हणाला असता आणि मागून तक्रार केली असती. हा तोंडावर एवढं बोलतोय, म्हणजे मागून किती बोलत असेल!

"अरे, सही करण्याआधी माणूस नीट वाचतोय," प्रमोदिनी म्हणाली.

"की भिंत आपल्या बाजूला किती सरकवता येईल ते बघतोय?"

"हे बघ श्री, शनिवारी मी ड्युटीवर आहे. तू जा, दोन शब्द गोड बोल आणि कागद घेऊन ये. दुसरं काहीही करू नकोस."

शनिवारी सकाळी नऊला प्रमोदिनी केव्हाच हॉस्पिटलात पोचली होती. मी गोड बोलायची मनातल्या मनात तालीम करत होतो, तेवढ्यात दारातून तनया तिच्या लंडनी मराठीत ओरडली.

"बाबा! माझा बूटमध्ये कोणतरी ऑरेंज ठेवली!"

मी बाहेर जाऊन पाहिलं आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. तनयाच्या बुटात एक संत्रं, आणि त्या संत्र्याला गोल गोल रांगांत लवंगा टोचलेल्या! शेजारी चार अक्रोड. एक तपकिरी बाहुली, पांढऱ्या डोळ्यांची. आणि माझ्या बुटात लाल फितीने बांधलेली कागदाची गुंडाळी.

मी अंधश्रद्धा मानत नाही, हे इथेच सांगतो. कॉलेजात त्या विषयावर भाषण करून मी तिसरं बक्षीस मिळवलंय. पण ते भाषण पुण्यात होतं, आणि हा बूट माझा होता! मी हाउन्सलोच्या ज्ञानेश्वरला व्हिडिओ कॉल लावला. ज्ञानेश्वर माझा जुना मित्र, विमानतळावर कार्गोत असतो. मूळचा सावंतवाडीकडचा. करणी या विषयात त्याच्या घराण्याला तीन पिढ्यांचा अनुभव आहे, सगळा सोसणाऱ्यांच्या बाजूचा.

"ज्ञाना, हे बघ."

"थांब, हलवू नको फोन. काळं काळं काय टोचलंय?"

"लवंगा."

"आपल्याकडे लिंबू असतं नि टाचण्या असतात. याने संत्र्याला लवंगा टोचल्या? फॉरेनची दिसतेय! बाहुली आहे का?"

"आहे. बिस्किटाची आहे बहुतेक. हसतेय."

पलीकडचा चेहरा एकदम स्क्रीनला चिकटला. मग ज्ञानेश्वर खालच्या आवाजात म्हणाला, "हसणारी वाईट, श्री. शेजाऱ्याशी कसला वाद?"

"वाद नाही रे. भिंतीवरून थोडं…"

"भिंत! संपलं! भिंतीच्या वादात आमच्या मावशीची दुभती म्हैस गेली. तो कागद उघडू नको! उघडलास की लागू झालीच म्हणून समज!"

"बाबा," तनया म्हणाली, "बाहुलीचा एक पाय मी खाल्ली."

मी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसलो. "कधी?"

"आत्ता. मस्त होती."

"तुझा पाय दुखतोय का?"

तिने विचार केला. "हो. थोडासा."

आदल्या दिवशी शाळेत तिची फुटबॉलची मॅच होती, हे मला दुपारी आठवलं. त्या क्षणी मात्र मला घाम फुटला! ज्ञानेश्वर भराभर सांगत गेला आणि मी करत गेलो. मीठ, मोहरी, सात लाल मिरच्या. तनयावरून सात वेळा ओवाळलं, बुटांवरून सात वेळा ओवाळलं. घरात धूर केला तर अलार्म वाजतो, म्हणून मागच्या बागेत बार्बेक्यू पेटवला. संत्रं, लंगडी बाहुली, अक्रोड, कागदाची गुंडाळी, सगळं त्यात टाकलं आणि वर मिरच्या! कागदाने आधी पेट घेतला.

"ठसका लागला?" ज्ञानेश्वरने विचारलं.

"नाही."

"डोळ्यांत पाणी?"

"थेंब नाही."

"अरे देवा! सात मिरच्या जळून ठसका नाही? जबरदस्त करणी आहे रे!"

वारा पलीकडे वाहत होता हे मला दिसत होतं. घड्याळात सव्वानऊ वाजून गेले होते, हेही दिसत होतं. पण या दोन गोष्टी एकत्र करायला डोकं लागतं, आणि ते त्या वेळी जागेवर नव्हतं.

शेजारच्या उघड्या खिडक्यांमागे अलार्म किंचाळायला लागला. मागचं दार उघडून ड्रेसिंग गाऊनमधला ब्रिंकमान खोकत बाहेर आला. मागोमाग तोंडावर टॉवेल धरलेली उटे.

"ज्ञाना, दोघंही बाहेर आलेत! खोकतायत! डोळे लालभडक!"

"उलटली!" ज्ञानेश्वर तिकडे टाळ्या पिटायला लागला. "ज्याची त्याच्यावर उलटली! शाब्बास, श्री!"

ब्रिंकमान डोळे पुसत कुंपणापाशी आला. मी घाईघाईने फोन बंद केला.

"गुड मॉर्निंग," तो म्हणाला. गुदमरतानासुद्धा हा माणूस आधी गुड मॉर्निंग म्हणणार! "तुम्हाला कागद मिळाला?"

"कसला कागद?"

"संमतीचा. मी सही केली. नकाशातली चूकही दुरुस्त केली, आता तुमची खिडकी वीस सेंटीमीटर मोठी होईल. निकोलाउसने तो तुमच्या बुटात ठेवला."

"कुणी ठेवला?"

मग खोकत खोकत उटेने सांगितलं. आज सहा डिसेंबर, संत निकोलाउसचा दिवस. जर्मनीत मुलं आदल्या संध्याकाळी बूट दाराबाहेर ठेवतात आणि सकाळी त्यात खाऊ सापडतो. संत्रं, अक्रोड, बिस्किटाचा माणूस.

"आमचा मुलगा मोठा झाला, लांब गेला," ती म्हणाली. "इंग्लंडात इतकी वर्षं कुणाच्याच दाराबाहेर बूट दिसले नाहीत. मग तुमच्या शेजारी आलो! रोज बूट बाहेर! मी योर्गला म्हटलं, यंदा आपल्याला पुन्हा मूल मिळालं. त्या संत्र्याला लवंगा टोचत मी दोन संध्याकाळी बसले होते. तनयाला आवडलं का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे विनोदाने म्हणत नाही, खरंच लाज वाटली. त्या बाईचे डोळे माझ्या मिरच्यांनी लाल झाले होते आणि ती मला विचारत होती, लेकीला आवडलं का! मी नुसती मान हलवली.

ब्रिंकमान मात्र बार्बेक्यूकडे बघत होता. लाल फितीचं शेवटचं टोक वळवळून काळं पडत होतं.

"तो माझा कागद आहे का?"

आता खरं सांगायचं होतं. 'तुम्ही आमच्यावर जादूटोणा केलात असं मला वाटलं,' हे वाक्य मी मनात इंग्रजीत तीनदा जुळवलं. तिन्ही वेळा शेवटी प्रमोदिनी लाटणं घेऊन किचनबाहेर उभी दिसली. आणि माझं तोंड आपोआप बोलायला लागलं.

"हो. आमच्यात पद्धत आहे. महत्त्वाचा कागद मिळाला की अग्नीला द्यायचा. अग्नी साक्षीदार असतो. लग्नातसुद्धा असतो!"

"मूळ प्रत जाळतात?"

"मूळच. झेरॉक्स अग्नीला चालत नाही."

"आणि मिरच्या?"

"त्या… आनंदाच्या."

ब्रिंकमानने कुंपणावरून वाकून बार्बेक्यूत पाहिलं आणि बोटांवर काहीतरी मोजलं. "मग बिल्डरला काय देणार?"

"त्याला दुसरी प्रत लागेल," मी अगदी बारीक आवाजात म्हणालो.

"हे आधी सांगायला हवं होतं," तो म्हणाला. "उद्या. साडेतीन वाजता." आणि आत गेला. सही करणार की वकील आणणार, काही कळायला मार्ग नव्हता. साडेतीनला यातलं काहीही होऊ शकत होतं.

संध्याकाळी प्रमोदिनी घरी आली. "मिळाला कागद?"

"मिळाला होता."

"होता?"

मग मी सगळं सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं, पण ओरडली नाही. ओट्यापाशी जाऊन भांडी घासत राहिली. जरा वेळाने पाठमोरीच म्हणाली, "आठ वर्षं झाली, श्री." त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

रविवारी साडेतीनला, सेकंदाचाही फरक न करता, बेल वाजली. दोघं ठेवणीतल्या कपड्यांत! ब्रिंकमानच्या हातात फाइल, आणि दोघांच्या गळ्यात पोहायचे चष्मे. त्याने फाइलमधून दोन कागद काढून टेबलावर ठेवले. दोन्हींवर ताजी सही. एकावर हिरवी चिठ्ठी, 'ठेवण्यासाठी.' दुसऱ्यावर लाल, 'जाळण्यासाठी.'

प्रमोदिनीने हिरवा कागद उचलून पर्समध्ये टाकला आणि चेन लावली. मग माझ्याकडे वळून गोड हसली. "चल श्री. अग्नी पेटव."

मी पेटवला. दोन मिरच्या टाकून भागेल असं वाटलं होतं.

"काल सात होत्या," ब्रिंकमान चष्मा चढवत म्हणाला. "मी मोजल्या."

"सातच असतात," प्रमोदिनी म्हणाली, "आणि ओवाळायचं विसरू नकोस हं!"

त्या दिवशी वारा आमच्या बाजूला होता. खोकून खोकून माझी आतडी गोळा झाली. चष्म्याआडून ब्रिंकमान शांतपणे बघत होता. "फार सुंदर पद्धत आहे," तो म्हणाला, आणि खिशातून वही काढून त्याने काहीतरी लिहून घेतलं. त्या वहीबद्दल मला तेव्हाच संशय आला होता, हे नमूद करून ठेवतो!

सोमवारी कागद बिल्डरला मिळाला. जानेवारीची तारीख पक्की झाली. प्रमोदिनी माझ्याशी पूर्ण वाक्यांत बोलायला लागली. प्रकरण मिटलं असं मला वाटलं. पण एखादा नियम कळला की तो चारचौघांना सांगायचा, म्हणजे कुणाची चूक व्हायला नको, असा हा ब्रिंकमान. त्याने रस्त्यावरच्या एकेका घरी जाऊन सांगितलं असणार, कारण नाताळात आम्हाला अकरा घरांतून शुभेच्छापत्रं आली. प्रत्येक घरातून दोन-दोन! चौदा नंबरच्या आजींनी तर दुसऱ्या पत्राबरोबर काड्यापेटीही पाठवली.

"लोकांनी इतक्या प्रेमाने पाठवलीत," प्रमोदिनी म्हणाली, "आणि सगळे खिडकीत उभे आहेत. जा." तेव्हा हे बार्बेक्यूपाशी खोकत खोकत लिहिताना कुठे ओळ वाकडी गेली असेल तर सांभाळून घ्या. अकरापैकी सातच कार्डं जाळून झालीत, आणि तनया मिरच्या मोजून देतेय.